मुक्काम आधी, रस्ता नंतर

पहाटे ५.४५

डिसेंबर लागला की माझं काम वेधशाळेच्या आकड्यांपासून सुरू होतं. आधी शिवाजीनगरचं किमान तापमान पाहते, मग लोहगावचं. आमचं येरवडा या दोन्ही वेधशाळांच्या मधे पडतं. हिवाळ्यात लोहगावचा आकडा बहुतेक वेळा दोन-तीन अंशांनी चढा असतो. बंडगार्डनच्या पुलाकडे, नदीच्या अंगाला उतरलं की शिवाजीनगरचा आकडा खरा वाटतो आणि विमानतळ रस्त्याने वर आलं की लोहगावचा. आज शिवाजीनगरला ११ अंश आहे. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. त्या मानाने आजची थंडी काहीच नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या सांध्यांना ११ अंशही जड जातात.

मग दक्षिणेकडे सरकते. वेंगुर्ला, पणजी, होन्नावर, मंगळुरू, तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी. जानेवारीत पणजीची पहाट २० अंशांच्या आसपास असते, कन्याकुमारीची २३च्या. ज्येष्ठांसाठी कॅरॅव्हॅनच्या लांब सहली आखणं हा माझा व्यवसाय. थंडीचे दिवस किनाऱ्यावर काढायचे, घाई करायची नाही, आणि अंथरूण, स्वयंपाकाचा ओटा, स्वच्छतागृह सगळं बरोबर न्यायचं. आज ज्यांचा आराखडा पुरा करायचा आहे ते काका इथल्याच सरकारी मुद्रणालयातून निवृत्त झालेले. दोघं महाराष्ट्र हाउसिंग बोर्डात राहतात. काकूंना संधिवात आहे. थंडीत सकाळी त्यांची बोटं तास-दीड तास मिटत नाहीत. उबेने संधिवात बरा होतो असं मी कुणालाही सांगत नाही, त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. आखडलेली बोटं लवकर सुटतात आणि बाई स्वतःची वेणी स्वतः घालू शकते, एवढंच. एवढ्यासाठी दोन महिने घर सोडायला काकू तयार आहेत आणि मला ते कारण पुरेसं मोठं वाटतं.

सकाळी ७.३०

चहाबरोबर काकांची वही उघडते. आयुष्य छपाईत गेलेल्या माणसाची वही आहे. समास सोडलेला, आकडे एकाखाली एक. त्यांनी सगळा प्रवास स्वतःच मांडून आणलाय. २१ डिसेंबरला पुणं सोडायचं, रोज सव्वाचारशे किलोमीटर तोडायचे, २४ला कन्याकुमारी गाठायची आणि २५ डिसेंबरच्या सकाळी शिलास्मारकावर उभं राहायचं.

ही तारीख त्यांनी सहज धरलेली नाही. स्वामी विवेकानंद त्या शिळेवर ध्यानाला बसले ते १८९२च्या डिसेंबरात, २५ ते २७ या दिवसांत. त्याच वर्षी ते पुण्यात टिळकांकडे विंचूरकर वाड्यात राहिले होते. पुण्यानंतर कोल्हापूर, बेळगाव, मडगाव, म्हैसूर, मग केरळातून तिरुवनंतपुरम आणि शेवटी कन्याकुमारी. काकांच्या वहीत ही गावं वेगळ्या शाईने लिहिलेली आहेत. खाली एक ओळ एकनाथ रानड्यांबद्दल आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाने देशभर वर्गणी गोळा करून ते स्मारक उभं केलं आणि २ सप्टेंबर १९७० रोजी त्याचं उद्घाटन झालं. काकांनी त्या वर्गणीत शाळकरी वयात एक रुपया दिला होता. तिथे जायचं त्यांनी तेव्हापासून मनात धरलंय.

अशा वहीवर काट मारताना माझा हात जड होतो. पण मारावी लागणार आहे.

सकाळी ९.००

शास्त्रीनगरातल्या कचेरीत भिंतीवर मोठी दिनदर्शिका आहे. नकाशा मी नंतर काढते. तारखांनी परवानगी दिल्याशिवाय रस्ता बघण्यात अर्थ नसतो.

तमिळनाडूत आणि दक्षिण केरळात ईशान्य मान्सून ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. आपल्याकडे आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, म्हणून तिकडेही तसंच असेल असं पुण्यातून निघणारे धरून चालतात. ३० नोव्हेंबर २०१७ला ओखी चक्रीवादळाने कन्याकुमारी जिल्ह्याला तडाखा दिला तेव्हा पुण्यात लोक स्वेटर काढत होते. डिसेंबरच्या शेवटापर्यंत तिथे समुद्र खवळलेला असू शकतो, आणि समुद्र खवळला की शिलास्मारकाकडे जाणारी बोट बंद ठेवतात. चार दिवस धावत जायचं आणि किनाऱ्यावरून शिळा पाहून परतायचं, हे काकांच्या बाबतीत मला होऊ द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट गर्दीची. नोव्हेंबरच्या मध्यापासून शबरीमलाचा हंगाम सुरू होतो आणि १४ जानेवारीच्या मकरविळक्कूपर्यंत केरळचे रस्ते यात्रेकरूंच्या गाड्यांनी भरलेले असतात. त्यातले कितीतरी पुढे कन्याकुमारीला जातात. नाताळ ते नववर्ष मालवण आणि गोव्यात गाडी उभी करायला जागा मिळत नाही. उडुपीतही बघावं लागतं: तिथल्या कृष्णमठाची सूत्रं दर दोन वर्षांनी एका मठाकडून दुसऱ्याकडे जातात, तो पर्याय सोहळा सम वर्षी १८ जानेवारीला होतो. येतं वर्ष २०२६, म्हणजे सम.

हे सगळं पेन्सिलीने टिपलं की मोकळी वाट आपोआप दिसते. २ जानेवारीला पुणं सोडायचं. ४ ते ११ मालवणच्या बाजूला राहायचं. संक्रांत दक्षिण गोव्यात, काणकोणला. उडुपी २० तारखेनंतर. केरळात शिरेपर्यंत यात्रा संपलेली असेल आणि पाऊसही. कन्याकुमारी जानेवारी संपता संपता. तोवर ऊन स्थिरावतं, समुद्र शांत होतो आणि बोटीची रांगही आटोक्यात येते.

तिसरं म्हणजे घाटमाथा. कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही पठारावर आहेत, तिथल्या रात्री पुण्यासारख्याच थंड. आंबोली तर त्याहून बोचरी. काकूंच्या बोटांसाठी निघालो असू तर वरच्या रात्री कमीत कमी हव्यात. पुण्याहून कोल्हापूर २३५ किलोमीटर, कोल्हापूर-बेळगाव ११०, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात आंबोली उतरून थेट सावंतवाडी-मालवण. तिसऱ्या रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता यायला हवं.

सकाळी १०.३०

आता फोन. या कामाचा गाभा हाच आहे आणि सर्वांत जास्त वेळही यातच जातो.

महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं २०२१ साली, केरळने ‘केरवन’ही त्याच वर्षी. केरळात वागमणला कॅरॅव्हॅन पार्क उभं राहिलं. पण पुणे ते कन्याकुमारी या सगळ्या पट्ट्यात गाडी आत घ्या, वीज-पाणी जोडा आणि झोपा अशा तयार जागा अजून मोजक्याच आहेत. उरलेल्या आपण घडवायच्या. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, देवस्थानचं भक्तनिवास, नारळी-पोफळीच्या बागेतलं घरगुती निवास किंवा मोठं आवार असलेलं हॉटेल. मालक गाडी आत घ्यायला हो म्हणाला की माझे खरे प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न प्लगचा. ‘लाइट आहे ना?’ असं विचारलं तर प्रत्येक जण हो म्हणतो. सोळा अँपिअरचा आहे की सहाचा, हे विचारायचं. सहाच्या प्लगवर जेमतेम १४०० वॅट निघतात. शेगडी लावली की फ्यूज जातो. सोळाच्या प्लगवर साडेतीन हजार वॅटपर्यंत चालतं, म्हणजे एसी आणि इंडक्शन दोन्ही, सांभाळून. मग अर्थिंग. एका ठिकाणी मालकाने फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं आणि टेस्टर लावल्यावर अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती. पत्र्याची गाडी, ओले पाय आणि अर्थिंग नाही, यात जीव जाऊ शकतो. तेव्हापासून प्लगचा आणि मीटरच्या पेटीचा फोटो मागवल्याशिवाय मी मुक्काम पक्का करत नाही.

बॅटरीवर रात्र काढता येईल का, असं सगळेच विचारतात. आमच्या गाडीत बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे जवळपास २.४ युनिट. वीस मिनिटं इंडक्शनला ०.६ युनिट लागतं, फ्रिजला दिवसभरात एकाच्या आत. पंखा, दिवे, फोन त्यातच भागतात. पण एसी रात्रभर चालवायचा तर सात-आठ युनिट हवेत. तेव्हा बॅटरीवर पंखा आणि जाळीची खिडकी, वायर जोडली तरच एसी. समुद्रावर जानेवारीत पंखा पुरतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. टाकी १२० लिटरची. दोन माणसांनी जपून वापरली तर तीन दिवस. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. आंघोळीला चालतं, पण टाकीत भरलं की गीझर आणि नळ खराब होतात. प्यायचं पाणी नेहमी वेगळ्या कॅनमध्ये.

तिसरा प्रश्न लोक विचारायला लाजतात, म्हणून तो मीच आधी विचारते. मैला कुठे रिकामा करायचा? गाडीतल्या शौचालयाखाली वीस लिटरची सरकती पेटी असते, दोघांच्या वापरात दोन-तीन दिवसांत भरते. ती फक्त सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात ओतायची. ओढ्यात नाही, वाळूत नाही, रात्रीच्या अंधारात रस्त्याकडेला तर नाहीच. ज्या किनाऱ्याची ऊब आपण घेणार तो आपण घाण करायचा नाही. मुक्कामाच्या मालकाला हे स्पष्ट सांगितलं, साफसफाईचे वेगळे पैसे देऊ केले की बहुतेक जण समजून घेतात. जो नाही म्हणतो त्याच्याकडे आम्ही जात नाही.

आणि गाडी माडाखाली उभी करायची नाही. नारळ जड असतो आणि रात्रीही पडू शकतो.

साडेअकरापर्यंत मालवणचा आणि काणकोणचा मुक्काम पक्का. गोकर्णचा मालक दुपारी फोटो पाठवणार आहे.

दुपारी १२.००

आळंदी रस्त्यावरचं फुलेनगरचं आरटीओ कार्यालय आमच्यापासून दहा मिनिटांवर, पण बरीच कामं आता परिवहनच्या संकेतस्थळावर होतात. आज फक्त तपासणी: ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, फास्टॅग. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन पांढऱ्या पाटीवर चालते. भाड्याने द्यायची तर परमिट लागतं. मोटारींसाठी निघालेला वार्षिक फास्टॅग पासही भाड्याच्या गाडीला लागू नाही, त्यामुळे टोलनाक्यांचा खर्च आराखड्यात वेगळा धरावा लागतो.

येता येता जेल रोडवरच्या कारागृहाच्या विक्री केंद्रातून एक सतरंजी घेते. इथल्या कैद्यांनी विणलेली सतरंजी टिकाऊ असते, आणि झाडाखाली बसायला गाडीत एक हवीच. गांधीजी याच तुरुंगात असताना त्यांनी घडीचा पेटीचरखा सुधारला, ‘येरवडा चक्र’ नावाने तो देशभर गेला. प्रवासात बरोबर नेता यावं म्हणून सगळं यंत्र एका पेटीत मिटवायचं, हा विचार आमच्या गाडीतलं घडीचं टेबल सुताराकडून करून घेताना माझ्या मनात होता.

दुपारी १.१५

मामांबरोबर डबा. मामा आमचे चालक, मूळचे पुरंदरचे. या प्रवासात काका-काकूंइतकीच त्यांची काळजी मला करायची आहे.

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं २०२५पर्यंत त्यात होतं. पर्यटनाच्या धंद्यात हा कायदा किती जण पाळायचे हे रस्त्यावरच्या कुणालाही विचारावं. पाहुणे हॉटेलात झोपतात आणि चालक सीट मागे पाडून गाडीत. कॅरॅव्हॅनमध्ये तेही शक्य नसतं, कारण गाडीच पाहुण्यांची खोली झालेली असते. म्हणून प्रत्येक मुक्कामी मामांना स्वतंत्र खोली, पंखा, गरम पाणी, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. हा खर्च मी पाहुण्यांना पहिल्याच भेटीत सांगते. ज्यांना तो जास्त वाटतो त्यांची सहल मी घेत नाही. झोप न झालेल्या माणसाच्या हाती दोन म्हाताऱ्या माणसांचे जीव मी देणार नाही.

मामा तारखांचा कागद बघतात. “ताई, बेळगावहून सकाळी लवकर नका काढू. आंबोलीत धुकं असतंय. दहानंतर निघू.” मी दुरुस्त करते. केरळातला पट्टा त्यांना पटत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६चं सहापदरीकरण तिथे अनेक ठिकाणी अजून चालू आहे, वाहनं अरुंद सेवारस्त्यावर वळवतात. मे २०२५मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाडला या रस्त्याचा उंच भरावच खचला होता. छतावरच्या एसीसकट आमची गाडी साडेनऊ फूट उंच, सेवारस्त्यावर लोंबणाऱ्या तारांची भीती. मामांचं म्हणणं, तिथे दिवसाला शंभर किलोमीटरच धरा. मी मान्य करते. मी कागद पाहते, ते रस्ता पाहतात.

मग ते गावाकडचं सांगतात. धनगरांचे वाडे दिवाळी झाली तसे मेंढरं घेऊन कोकणात उतरले. फलटण-बारामतीकडचे, पुरंदरचे कितीतरी कळप दरवर्षी पुण्याच्या आसपासच्या वाटांनी घाट उतरतात आणि पावसाच्या आधी परत वर येतात. घोड्यांवर सगळा संसार, भांडी, लहान पोरं, कोंबड्यासुद्धा. मामा म्हणाले, “आज किती चालायचं, हे ते ठरवत नाहीत. तळ कुठं पडणार ते ठरवतात.” पाणी कुठे आहे, कुणाचं शेत मोकळं झालंय, कोण शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतोय. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. थंडीत पठार सोडून किनाऱ्याला जायचं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, आणि ती कशी राबवायची हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. फरक एवढाच की त्यांच्या मागे राहतं ते शेताला हवं असतं.

दुपारी ३.००

काका-काकू गाडी बघायला येतात. गाडी विश्रांतवाडीच्या बाजूला भाड्याच्या आवारात असते. ट्रॅव्हलरवर बेतलेली, आत दोन लांब बाक, मागे आडवा पलंग, डावीकडे ओटा, उजवीकडे बंदिस्त स्वच्छतागृह. गाडी दाखवणं हा माझा उद्देश नसतो. दीड-दोन तास त्यांनी आत राहावं, चहा करावा, आडवं व्हावं, रात्री उठल्यासारखं अंधारात स्वच्छतागृहापर्यंत जावं. निघण्याआधीची ही तालीम झाल्याशिवाय मी कुणाचेही पैसे घेत नाही.

काकू पायरीपाशीच अडतात. जमीन ते पायरी साधारण सव्वा फूट. गुडघा वाकतो पण जोर हातावर येतो, आणि दारातला दांडा त्यांच्या बोटांच्या पकडीत येत नाही, बारीक आहे. मी दांड्याभोवती जाड रबर गुंडाळून देते. पुन्हा धरायला लावते. आता पकड बसते. खाली ठेवायला रुंद लाकडी पाट लागेल, घडीचं स्टूल नको, ते डगमगतं.

नळ. फिरवायच्या नळाशी त्या झगडतात. उद्या आपण तो बदलून दांडीचा नळ बसवू, कोपराने उघडतो. पलंगाची उंची त्यांना ठीक. स्वच्छतागृहाचं दार आत उघडतं. पडलं-झडलं तर आतलं माणूस दाराला अडसर होईल. हे दार आम्ही बाहेर उघडणारं करून घेणार होतोच, ते आता २ तारखेच्या आत व्हायला हवं. मी वहीत लिहिते आणि सुताराला तिथूनच फोन लावते.

काका दिव्यांची बटणं तपासतात, सगळ्यांची. मग चालत्या गाडीत कोण कुठे बसणार? दोघंही पुढच्या बाकावर, पट्टा लावून. गाडी चालू असताना पलंगावर झोपायचं नाही, ओट्याशी उभं राहायचं नाही. काकूंना हे पटत नाही. एवढी मोठी गाडी आणि आडवं व्हायचं नाही? मी त्यांना ब्रेक मारल्यावर काय होतं ते सांगते. त्या ऐकतात.

स्वयंपाकाचा विषय निघाल्यावर त्या खुलतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सुकी चटणी, डिंकाचे लाडू, सगळं ठरलेलं. “गॅस कुठाय?” गॅस नाही काकू. २६ ऑगस्ट २०२३ला मदुराईच्या रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या एका यात्रेकरूंच्या डब्यात नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. लहान बंद जागेत, झोपेच्या ठिकाणी, सिलिंडर मी ठेवू देत नाही. इंडक्शनच. “मग भाकरी?” हा प्रश्न योग्य आहे. इंडक्शनवर भाकरी भाजते पण फुगत नाही, कारण शेवटी तिला जाळ लागतो. थालीपीठ उत्तम होतं, धिरडी, घावन, आंबोळी सगळं होतं. भाकरी मुक्कामाच्या घरच्या चुलीवर किंवा गॅसवर मागून घ्यायची. मालवणात तांदळाची मिळेल. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९पासून बंदी आहे, तेव्हा बाहेर शेगडी मांडायची नाही. काकू म्हणतात, “अगं, मी काय तिथे पंगत घालणारेय?” आणि पिठाचे डबे लहान करायचं कबूल करतात.

चहा त्यांनीच केला. तो घेता घेता मी काकांसमोर तारखांचा कागद ठेवला.

ते बराच वेळ बघत राहिले. २५ डिसेंबर त्यात नव्हता. मी पाऊस सांगितला, बोट बंद असण्याची शक्यता सांगितली. ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांच्याच वहीतली वेगळ्या शाईची गावं वाचून दाखवली. स्वामीजी पुण्याहून निघाले आणि कन्याकुमारीला पोचले, यात किती दिवस गेले काका? बेळगावला त्यांनी भाट्यांच्या घरी मुक्काम केला. मडगावला राहिले. म्हैसूरला राहिले, तिरुवनंतपुरमला राहिले. माणसांशी बोलले, त्यांच्या घरचं जेवले. पुण्यापासून शिळेपर्यंत महिने लागले. चार दिवसांत महामार्गाने गेलो तर २५ तारीख हाती लागेल, पण ती वाट हाती येणार नाही.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “रात्री सांगतो,” म्हणाले.

संध्याकाळी ५.३०

दवाखान्यांचा तक्ता. हा मी स्वतःच करते, कुणावर सोपवत नाही.

महामार्ग ६६ या बाबतीत बरा आहे. गोव्याचं वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला रस्त्यालाच लागून. कन्नूर जिल्ह्यात परियारमचं वैद्यकीय महाविद्यालय रस्त्यावर, आलप्पुळ्याजवळ वंडानमचंही. उडुपीपासून आत पाच-सहा किलोमीटरवर मणिपालचं कस्तुरबा रुग्णालय. अवघड पट्टा आहे तो उत्तर कन्नडचा. कारवारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथून मणिपालपर्यंत दोनशेच्या वर किलोमीटरमध्ये मोठं रुग्णालय नाही. तिथल्या लोकांनी त्यासाठी आंदोलनंही केली आहेत. म्हणून गोकर्णचा मुक्काम मी तीन रात्रींवरून एका रात्रीवर आणते. काकांची आवडती जागा आहे, पण त्यांना रक्तदाब आहे आणि हा पट्टा लवकर ओलांडलेला बरा.

काकूंची औषधं साठ दिवसांची, दोन ठिकाणी विभागून: अर्धी गाडीच्या फ्रिजशेजारच्या कप्प्यात, अर्धी हातपिशवीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावांऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं, म्हणजे कन्नूरचा दुकानदारही देऊ शकतो. हे डॉक्टरांना सांगायचं काम काकांचं.

संध्याकाळी ७.१५

गोकर्णच्या मालकाचे फोटो आले. प्लग सोळाचा, पेटीत ब्रेकर आहे. त्यांना एका रात्रीचंच कळवते. ते नाराज होत नाहीत. मुरुडेश्वरजवळ दुपारी गाडी थांबवायला जागा आहे हेही तेच सांगतात.

परतीचा हिशोब उरतो. फेब्रुवारीच्या मध्याला पुण्यातली थंडी ओसरते, त्याआधी परतायचं कारण नाही. काका-काकूंनी परतताना कन्याकुमारी-पुणे एक्स्प्रेसने यावं आणि मामांनी मोकळी गाडी त्यांच्या वेगाने आणावी, असं मी सुचवणार आहे. किनाऱ्यावरच्या खारट हवेने गाडीचा तळ गंजतो. मंगळुरूला एकदा गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्यायला मामांना सांगते.

रात्री ८.४५

काकांचा फोन. आवाजात दुपारची घालमेल नाही.

“ताई, २५ सोडली. जानेवारी अखेर चालेल. पण एक अट आहे. बेळगावला दोन रात्री हव्यात. भाट्यांचं घर कुठे होतं ते मला बघायचंय.”

मी त्यांना सांगते की बेळगाव पुण्याइतकंच थंड आहे, काकूंच्या बोटांसाठी आपण वरच्या रात्री कमी करतोय. पलीकडे जरा कुजबूज होते. फोन काकूंकडे जातो.

“अगं, माझी मावसबहीण आहे बेळगावात. शहापूरला. तीस वर्षं झाली, तिच्याकडे राहिलेच नाही. तिच्याकडे बंब आहे. मी तिच्या घरी झोपेन, हे गाडीत झोपू देत. दोन रात्री राहू आम्ही.”

मी दिनदर्शिकेवर बेळगावपुढे दुसरी रात्र लिहिते. मालवण ५ तारखेपासून, काणकोण तसंच. मालवणच्या मालकाला एक दिवस पुढे ढकलल्याचा निरोप पाठवते, मामांनाही. मावसबहिणीचा नंबर काकू उद्या सकाळी देणार आहेत. त्यांना विचारायचं: गल्ली किती रुंद, वरून विजेच्या तारा किती उंचीवरून जातात, आणि मीटरपासून गाडीपर्यंत वायर पोचेल का.